कारण सांगणारा मिस्त्री

मिरज म्हटलं की बाहेरच्या माणसाला तंबोरे आठवतात, दर्गा आठवतो, नाहीतर दवाखाने. मला सांगली रस्त्याच्या कडेची ऑइलनं काळी पडलेली जमीन आठवते आणि तिथले चाचा मिस्त्री. त्यांचे उपकार पैशात मोजता येत नाहीत असं मी म्हणणार नाही. बरेचसे येतात, आणि मी ते मोजलेही आहेत. न केलेलं इंजिनकाम, न बदललेला पंप, घाटात अडकून न पडलेली गाडी, वेळेत वाशीला उतरलेला बेदाणा. त्या हिशेबाच्या पलीकडे जे उरतं, त्याबद्दल आज लिहायचं आहे.

१९९६ साली माझे यजमान गेले. मागे शाळेत जाणारी दोन मुलं राहिली, बँकेचे हप्ते राहिले आणि एक जुनी टाटा १२१० एसई. सहा सिलिंडरचं ६९७ इंजिन, पुढं नाक काढलेली केबिन, लाकडी बॉडी. नातेवाईक म्हणाले, विकून टाक. पण विकून येणाऱ्या पैशात कर्जही फिटत नव्हतं. यजमानांच्या वेळचा ड्रायव्हर म्हणाला, "वैनी, मी हाय तवर गाडी चालंल." म्हणून गाडी ठेवली. तासगावचा बेदाणा आणि सांगलीची हळद घेऊन ती मुंबईकडे जायची, परतीला मिळेल तो माल घेऊन यायची. भाडं ठरवणं, पावत्या, टोल, पासिंग हे सगळं मी महिन्या-दोन महिन्यांत शिकले. पण बोनेटखाली काय चालतं, त्यातलं मला काडीचंही कळत नव्हतं. आणि ट्रकच्या धंद्यात माणूस बुडतो तो बहुतेक वेळा बोनेटखालीच बुडतो.

त्या हिवाळ्यात गाडी सकाळी चालू होईना. सेल्फ मारमार मारायचा, मागून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर निघायचा, मग कधीतरी चार-पाच सिलिंडरवर ती धडधडत उठायची. सगळी केबिन हलायची. इंजिन तापलं की हळूहळू सरळ व्हायची आणि दिवसभर कुरकुर नाही. ड्रायव्हर रात्री उतार बघून गाडी लावायला लागला. बॅटरी दोनदा चार्ज केली, काही उपयोग नाही. दुसऱ्या गावातल्या एका गॅरेजवाल्यानं नोझल काढून टेस्ट केले. नोझल चांगले निघाले, तेव्हा त्यानं निकाल दिला: पंप गेला आहे, इंजिनही बसलं आहे, पंपाचं काम आणि निदान हाफ इंजिन तरी करावं लागेल. त्यानं कागदावर लिहून दिलेला आकडा बघून मी घरी आले आणि हातातल्या पाटल्यांकडे बघत बसले. पाटल्या मोडूनही पुरलं नसतं.

ड्रायव्हरनंच चाचांचं नाव काढलं. पत्र्याची शेड, बाहेर एक कडुनिंब, आत दोन पोरं. चाचा तेव्हा साठीच्या आसपास असतील. टाटा-मर्सिडीजच्या गाड्यांवर ते हात काळे करून शिकले होते. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. १९६९ पर्यंत तो करार होता, आणि तोवर गाडीच्या नाकावर तीन टोकांचा तारा असायचा. चाचा जुन्या गाड्यांना 'ताऱ्यावाली' म्हणत. माझी गाडी ताऱ्यावाली नव्हती, पण तिचं इंजिन त्याच घराण्यातलं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं.

गॅरेजवाल्याचा तो कागद मी पुढं केला. त्यांनी तो घडी न उघडता परत दिला. पाना हातात घेतला नाही की बोनेट उघडलं नाही. नुसते विचारत राहिले. सकाळीच त्रास देते, की चहाला थांबून परत चालू करतानाही? रोज देते, की काही दिवस सोडून? तोंड चढाकडं करून लावली तर काय होतं, उताराकडं लावली तर? डिझेल भरल्यावर फरक पडतो? सेल्फ मारताना धूर पहिल्यापासून येतो, की बराच वेळ काहीच नाही आणि मग येतो? ड्रायव्हर उत्तरं देत होता. काही प्रश्न चाचांनी माझ्याकडं बघून विचारले. मी म्हटलं, "मला काय ठाऊक, चाचा?" त्यावर ते म्हणाले, "गाडी कुणाची हाय? मालकिणीला ठाऊक पायजे." पोराला सांगून त्यांनी पुढच्या मडगार्डजवळ एक बाकडं ठेवायला लावलं. "वैनी हितं बसतील. त्या विचारतील ते सांगायचं."

गॅरेजात बाई बसलेली त्या काळी कुणी पाहिली नव्हती. येणारे-जाणारे थबकायचे. चाचांनी कधी त्यावर एक शब्द काढला नाही. त्यांच्या गप्प राहण्यामुळंच दोन-चार दिवसांत ते बाकडं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं.

पहिला धडा त्यांनी बोनेट बंद असतानाच दिला. डिझेल गाडीला पेट्रोलसारखा प्लग नसतो. ठिणगी कुठंच नाही. पिस्टन हवा दाबतो, जवळजवळ सतराव्या हिश्शात कोंबतो. त्या दाबानं हवा इतकी तापते की तिच्यात डिझेलचा बारीक फवारा शिरला की तो आपोआप पेटतो. म्हणून चालू व्हायला तीनच गोष्टी लागतात: सेल्फनं इंजिन पुरेशा वेगानं फिरवलं पाहिजे, पिस्टननं हवा नीट दाबली पाहिजे, आणि डिझेल वेळेवर व बारीक होऊन पोचलं पाहिजे. चालू होत नाही म्हणजे या तिघांपैकी कुणीतरी कामचुकारपणा करतंय. आता विचारायचं, कोण?

त्यांनी ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितलं आणि मला डोळे मिटून ऐकायला. "एकसारखा फिरतोय, का मधेच पळतोय?" एखाद्या सिलिंडरात दाब कमी असेल तर तिथं सेल्फला जोर कमी लागतो, तो झटकन पुढं पळतो आणि आवाजात ठेच लागल्यासारखं होतं. आमच्या गाडीचा सेल्फ एकसारखा फिरत होता. म्हणजे इंजिन बसलेलं नव्हतं. फक्त कान देऊन, एकही नट न उघडता, कागदावरच्या आकड्यातला सर्वांत मोठा तुकडा त्या क्षणी गळून पडला. मला वाटलं आता हे हसतील, त्या गॅरेजवाल्याला नावं ठेवतील. त्यांनी तसलं काहीच केलं नाही. पुढच्या प्रश्नाकडे वळले.

धुराचं त्यांनी असं सांगितलं. सेल्फ मारताना मागून धूरच नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येतोय पण पेटत नाही, तर डिझेल पोचतंय, जळत नाही. आमच्या गाडीत दोन्ही होतं! आधी बराच वेळ काहीच नाही, मग पांढरा. चाचा थोडं थांबले आणि म्हणाले, "हिला दोन आजार हायेत. एक बरा केला की दुसरा दिसंल. तवा घाबरायचं न्हाई."

हे वाक्य मी पुढं कित्येकदा वापरलं आहे. जुन्या गाडीचं निदान चुकतं ते बहुधा इथंच. माणूस एकच कारण शोधत बसतो, एक सापडलं तरी गाडी पूर्ण बरी होत नाही, मग सापडलेलं खरं कारणही खोटं ठरवून तो थेट पंप उतरवायला निघतो.

पहिल्या आजारासाठी त्यांनी पाच लिटरचा एक डबा आणला, बोनेटच्या वर टांगला, त्यातून नळी थेट फीड पंपाला जोडली. टाकी आणि टाकीपासून येणारी सगळी लाइन बाजूला पडली. गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी मी मुलांचे डबे भरून तिथं पोचले. सेल्फ मारला तसा लगेच पांढरा धूर आला आणि गाडी उठली. मिस मारत होती, थरथरत होती, पण उठली. म्हणजे टाकीकडच्या बाजूनं कुठंतरी हवा शिरत होती. रात्रभरात डिझेल मागं टाकीत ओघळायचं, पाइप रिकामा व्हायचा, आणि चढाकडं तोंड असलं की जास्तच. पण लाइनवर कुठं थेंबभर ओल दिसत नव्हती. चाचा म्हणाले, टाकीच्या बाजूनं फीड पंप डिझेल ओढतो, ढकलत नाही. त्या बाजूला भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून पंपाच्या पुढचं लीकेज डोळ्याला दिसतं, मागचं दिसत नाही. त्यांनी मधे पारदर्शक नळीचा तुकडा घातला आणि मला दाखवलं: बुडबुडे. चेसिसच्या क्लॅम्पखाली रबरी होज वयानं तडकला होता. होज आणि दोन तांब्याचे वायसर बदलले, फिल्टरवरचा बोल्ट ढिला करून हँड प्रायमरनं फेस जाईपर्यंत एअर काढली. खर्च एवढा कमी की सांगायला मलाच संकोच वाटला.

आता गाडी लवकर चालू होत होती, पण थंडीत मिस मारणं तसंच होतं. त्यासाठी चाचांनी मला मडगार्डवर तळहात ठेवायला सांगितलं. थंड इंजिन चालू केलं आणि सतरा-एकोणीसच्या पान्यानं एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित ढिला करत गेले. नट ढिला केला की त्या सिलिंडरात डिझेल जात नाही. सिलिंडर काम करत असेल तर इंजिनचा आवाज पडतो, थरथर वाढते. आधीच मेलेलं असेल तर काहीच बदलत नाही. पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येक वेळी तळहाताला धक्का जाणवला. चौथ्याला काहीच नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि तरीही पाचवा आणि सहावा तपासले, कारण "एक सापडला म्हून थांबायचं न्हाई." काम करताना हात कापडाखाली, चेहरा लांब. पाइपातून सुटलेली डिझेलची धार कातडीतून आत शिरते, हे त्यांनी मला आणि पोरांना त्या वेळी दोनदा बजावलं.

चौथं सिलिंडर का मेलं होतं, तिथं त्यांची खरी बुद्धी दिसली. नट ढिला केल्यावर चौथ्या पाइपातूनही बाकीच्यांइतकंच डिझेल उडत होतं, म्हणजे पंप डिझेल देत होता. मग त्यांनी चौथा नोझल दुसऱ्यात आणि दुसरा चौथ्यात टाकला. आजार नोझलचा असेल तर तो नोझलबरोबर दुसऱ्या सिलिंडरात जाईल. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पुन्हा नट ढिले केले. मेलेलं सिलिंडर चौथंच. नोझल चांगला, डिझेल येतंय, दाब आहे. मग राहिलं काय?

दुसरा कुणी असता तर इथं पंप उतरवला असता. त्या पंपाची किंमत मला तोवर कळली होती. बॉशनं अशा इनलाइन पंपाचं कारखान्यातून उत्पादन १९२७ साली सुरू केलं, आणि आपल्याकडे ते बंगळूरच्या मायकोचे असत. त्यातला प्लंजर आणि त्याचं घर यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. तेवढ्या बारीक फटीमुळंच तो दर वेळी थेंब-दोन थेंब डिझेल एवढ्या दाबानं ढकलू शकतो. एकदा बेंचवर गेला की तो आणि ते बिल, दोन्ही आपल्या हातात राहत नाहीत. चाचांनी पंपाला हात लावला नाही. चौथा नोझल बाहेर काढून तो ज्या भोकात बसतो तिथं त्यांनी बॅटरीचा उजेड पाडला आणि तारेचा आकडा करून आत फिरवला. बराच वेळ खुडबुड चालली. मग आकड्याला अडकून एक काळी पडलेली तांब्याची चकती वर आली. तिच्याखाली आणखी एक वायसर होताच.

कधीतरी कुणीतरी नोझल काढला, जुना वायसर कार्बननं आत चिकटून राहिला आणि त्याच्यावरच नवा टाकून नोझल बसवला. नोझल एका वायसराच्या जाडीनं वर राहिला. फवारा पिस्टनच्या वाटीत जिथं पडायला हवा तिथं न पडता वरच्या कडेला लागायला लागला. तापलेल्या इंजिनात तेही कसंबसं जळतं, थंडीत जळत नाही, पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. टेस्टरवर नोझल घातला तर फवारा धुक्यासारखा येणारच, कारण टेस्टर नोझल बघतो, नोझल बसतो ते भोक बघत नाही. त्या दुसऱ्या गॅरेजवाल्यानं खोटं सांगितलं नसेल. त्यानं विचारलं नाही, एवढंच.

भोक साफ करून एकच नवा वायसर बसवला, आणि दुसऱ्या सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सहाच्या सहा सिलिंडरवर उठली. मी रडले. चाचांनी पोरांना दुसऱ्या गाडीकडं पिटाळलं आणि मला म्हणाले, "वैनी, आता ह्ये सगळं एकदा मला उलटं सांगा. पहिल्यापासून." मी सांगितलं. चुकलं तिथं त्यांनी थांबवलं. सेल्फ, धूर, डबा, बुडबुडे, नट, अदलाबदल, भोक.

त्यांनी हे का केलं, ते मला नंतर उमगलं. मोटार लाइनीत विद्या सांगून मिळत नाही, बघून चोरावी लागते. उस्ताद मुख्य काम करताना पाठ वळवतो. पंपाचं टायमिंग बांधायची वेळ आली की पोराला चहा आणायला पाठवतो. पोरगं परत येतं तेव्हा गाडी चालू झालेली असते. चाचांनाही त्यांच्या उस्तादांनी असंच चहाला पाठवलं होतं. टपरीवर उभं राहून, लांबून येणाऱ्या आवाजावरून, टायमिंग पुढं गेलं की मागं ते ओळखायला ते शिकले. त्यात किती वर्षं गेली, हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. उस्तादांबद्दल ते आदरानंच बोलत. पण स्वतःच्या शेडमध्ये त्यांनी नियम केला होता: टायमिंगच्या वेळी सगळी पोरं जवळ पाहिजेत, चहा नंतर. फ्लायव्हीलवरची खूण, पहिल्या पाइपातून डिझेल थांबण्याचा क्षण, पंप किती फिरवायचा, सगळं मोठ्यानं बोलत करायचे. त्यांच्याकडून शिकलेल्या पोरांनी त्याच रस्त्यावर शेड टाकल्या. चाचांची गिऱ्हाइकं त्यामुळं कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी नियम मोडला नाही.

मला ते मिस्त्री करत नव्हते. मी आयुष्यात एकही नोझल बसवला नाही. मला त्यांनी विचारायचं कसं ते दिलं. तेव्हा आमच्याकडे मोबाइल नव्हते; ड्रायव्हर खंबाटकीच्या पायथ्याच्या नाहीतर पेठ नाक्याच्या एसटीडी बूथवरून रात्री-अपरात्री फोन करायचा. मीटर पळत असायचा. मी विचारायचे, सेल्फ एकसारखा फिरतोय का? धूर आहे का? कसला? प्रायमर मारल्यावर घट्ट होतो की पोकळच राहतो? चार प्रश्नांत निम्मं काम व्हायचं. एखाद्या अनोळखी गॅरेजातून "पंप काढतो" असा निरोप आला की मी म्हणायचे, आधी डबा टांगा. समोरच्याचा स्वर बदलायचा. एका बाईनं डबा टांगायला सांगितलं म्हणून नव्हे, तर विचारणाऱ्याला कारण माहीत आहे हे त्याला कळलं म्हणून. एकाच्या दोन गाड्या झाल्या, दोनाच्या चार. प्रत्येक वाढीत त्या बाकड्याचा वाटा आहे.

चाचा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेड त्यांचा नातू बघतो, त्याच्या हातात लॅपटॉप आणि स्कॅनर असतो. एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्या बीएस-सहाच्याच विकल्या जातात. त्यांच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाइक नळीत, दाब इतका असतो की चालू इंजिनात पाइपचा नट ढिला करणं म्हणजे जिवाशी खेळ. चाचांची ती परीक्षा तिथं वर्ज्य आहे आणि नातू ते पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. स्कॅनर कोणतं सिलिंडर कमी काम करतंय ते सांगतो. का, ते सांगत नाही. त्यासाठी नातू अजून विचारतो, सकाळी की तापल्यावर?

मी नोकरीला ठेवते त्या प्रत्येक ड्रायव्हरला पहिल्या आठवड्यात हे सगळं उलटसुलट म्हणायला लावते. आमच्या धंद्यातले लोक मला सांगतात की तू शिकवतेस आणि ती पोरं स्वतःची गाडी घेऊन निघून जातात. जातात, खरं आहे. जावं त्यांनी. मला कुणी अडवून शिकवलं नव्हतं.

त्यातलाच एक, जत भागातला पोरगा, आता स्वतःचा जुना टेम्पो चालवतो. मागच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. सकाळी गाडी एका सेल्फला उठते, पण दुपारी तापल्यावर बंद केली की तासभर उठत नाही. बॅटरी बघितली, एअर काढून झाली. मी विचारलं, पंप कसला? रोटरी. मी म्हटलं, जुनं फडकं थंड पाण्यात भिजवून पंपावर टाक, थोडा वेळ थांब आणि सेल्फ मार. फोन चालू ठेवूनच त्यानं तसं केलं. गाडी उठली. गरम डिझेल पातळ होतं, पंपाचं रोटर-हेड झिजलेलं असलं की ते फटीतून मागं गळतं आणि दाब तयार होत नाही. थंड केलं की तेवढ्यापुरतं निभतं. त्याला कारण सांगितलं, ओलं फडकं हा इलाज नव्हे तेही सांगितलं. "पंप बेंचवर घेऊन जा," मी म्हटलं, "पण तुझ्यासमोर उघडायला लाव. हेड हातात घेऊन बघ, झीज कुठं आहे ती दाखवा म्हण. आणि ते काम चालू असताना कुणी चहाला पाठवलं तर जाऊ नकोस."